पेशीतली चक्की आणि फवारणीचा पंप



कपाशीला पात्या-फुले लागली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाठीवरच्या पंपांचा आवाज सुरू होतो. अशाच एका सकाळी आमच्या मोहल्ल्यातल्या एक खाला घरी आल्या. त्यांचा मुलगा दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणीला जातो. त्याच्यासाठी त्यांनी मेडिकलमधून साडेतीनशे रुपयांच्या गोळ्या आणल्या होत्या. डबीवर ‘अँटिऑक्सिडंट’ असे लिहिलेले. डबी पुढे करून त्यांनी विचारले, “मास्टरसाब, ये खाके गया तो जहर नई चढता ना?”

आम्ही मूळचे भाषेचे शिक्षक, पण गावच्या शाळेत विज्ञानाचे तासही घ्यावे लागतात. नुसते ‘नाही’ म्हणून खालांना परत पाठवणे आम्हाला बरे वाटले नाही. पदरचे पैसे मोडून आलेल्या आईला ‘का नाही’ हेही कळायला हवे. त्यांना जे सांगितले तेच आज येथे लिहितो, कारण अशी डबी आणखीही घरांत असेल.

उर्दूच्या पुस्तकात जिला खलिया म्हणतात, ती मराठीच्या पुस्तकातली पेशी. जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका असतात. त्यांनाच मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. आपण खाल्लेली भाकर आणि श्वासातला ऑक्सिजन यांच्यापासून त्या ‘एटीपी’ नावाचे इंधन तयार करतात. हे इंधन साठवून ठेवता येत नाही. शरीरात एका वेळी ते थोडेच असते, पण ते सतत वापरले जाते आणि सतत नव्याने बनते. दिवसभराचा हिशेब केला तर आपल्या वजनाइतके एटीपी बनून खर्च होते. हृदयाच्या एकेका पेशीत अशा हजारो तंतुकणिका असतात. तेथे सुट्टी नाही.

एटीपी बनवणारा भाग अक्षरशः चक्कीसारखा फिरतो. ही चक्की कशावर चालते, याचा विचार इंग्लंडचे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडला. त्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चक्की चालली की पीठ उडणारच. तंतुकणिकांतही थोडा ऑक्सिजन अर्धवट वापरला जातो आणि त्याचे उपद्रवी कण तयार होतात. हे कण पेशीच्या पडद्याला आणि प्रथिनांना जणू गंज चढवतात. उर्दूत गंजालाही जंग म्हणतात आणि लढाईलाही जंग, फक्त लिहिताना एकाला ‘झे’ आणि दुसऱ्याला ‘जीम’. पेशीत दोन्ही एकदम चालू असतात. या गंजाशी लढणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात.

या लढाईतले मोठे शिपाई बाजारातून येत नाहीत, ते पेशी स्वतः घडवते. जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकले की फेस येतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. तो फेस ‘कॅटलेज’ नावाच्या विकराचा. हे विकर पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. त्याच्या जोडीला ‘ग्लुटाथायोन’ असते. ते आपल्या जेवणातल्या प्रथिनांच्या तुकड्यांपासून बनते. आवळा, पेरू, लिंबू यांतले क जीवनसत्त्व आणि शेंगदाण्यातले ई जीवनसत्त्व या शिपायांना मदत करतात.

आता ताणाकडे येऊ. पावसाने ओढ दिली, कर्जाचा हप्ता आला, मुलीचे लग्न ठरले, की मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथी ‘कॉर्टिसॉल’ सोडतात. त्यामुळे रक्तातली साखर वाढते आणि अंग संकटाला सज्ज होते. हे कॉर्टिसॉल बनवण्याची पहिली आणि शेवटची पायरी तंतुकणिकेच्या आतच घडते. म्हणजे ताणाचा निरोप तेथूनच निघतो आणि त्यासाठी लागणारे बळही तेथूनच येते. थोड्या वेळाचा ताण शरीर पेलते. महिनोन्महिने झोप नाही, घोर संपत नाही, असे झाले की गंज वाढतो आणि शिपाई कमी पडतात.

मग बाहेरून शिपाई भरती करावेत, असे कोणालाही वाटेल. मोठमोठ्या डॉक्टरांनाही तसेच वाटले होते. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला आणि १९९४ मध्ये त्याचा निकाल आला. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन ज्यांना गोळीतून दिले, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही. उलट १८ टक्के जास्त आढळला. पुढे २००९ मध्ये जर्मनीतल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर व्यायामाने शरीराला होणारा फायदाच कमी झाला. कारण ते उपद्रवी कण थोडे असतील तर निरोप्याचेही काम करतात. ‘तयारी वाढवा’ असे ते पेशीला सांगतात. निरोप्यालाच दारात अडवले, तर घरच्यांना जाग कशी येणार?

इथपर्यंत ऐकून खाला म्हणाल्या, “वो ठीक है, पर फवारनी का क्या?”

फवारणीचे उत्तर आपल्या जिल्ह्याने २०१७ साली फार महाग दिले आहे. त्या खरिपात कपाशी डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळी होती आणि हवा दमट होती. जुलै ते ऑक्टोबर या काळात शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने दवाखान्यांत गेले. कित्येकांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखल करावे लागले. विसाहून अधिक जीव गेले. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली.

त्या वेळी ज्या विषांची नावे पुढे आली, त्यांत प्रोफेनोफॉस आणि मोनोक्रोटोफॉस होते. ही विषे मज्जातंतूंचा निरोप थांबवणारे विकर बंद पाडतात. मग लाळ, घाम आणि डोळ्यांचे पाणी थांबत नाही, बाहुली बारीक होते, अंग फडफडते, श्वास कोंडतो. दुसरे नाव होते डायफेन्थिउरॉन. ते किडीच्या शरीरात गेल्यावर त्याचे रूप बदलते आणि ते थेट तंतुकणिकेतली एटीपीची चक्की अडवते. कीड मरते ती इंधन संपून. आता किडीला एक चक्की आणि माणसाला दुसरी, असे नाही. दोघांच्या चक्कीची घडण मुळात एकच आहे. फरक मात्रेचा आणि अंतराचा.

म्हणून गोळीचा उपयोग नाही. चक्कीच्या दगडातच कोणी पाचर ठोकली, तर उडालेले पीठ झाडून काय होणार? दूध आणि गूळ यांचेही तेच. विषावर त्यांचा उतारा नाही. प्रोफेनोफॉससारख्या विषावर अॅट्रोपिनचे इंजेक्शन लागते, आणि ते दवाखान्यातच मिळते. गोळीचा खरा धोका असा की ती खाल्ली म्हणून मुलगा तोंडावरचा रुमाल सोडतो. आणखी एक सवय आपल्याला नडते. आपण या विषाला ‘औषध’ म्हणतो, ‘दवा’ म्हणतो. शब्दच असा असेल, तर भीती कोठून येणार?

खालांना आम्ही पुढच्या गोष्टी कागदावर लिहून दिल्या. ज्या घरातून कोणी फवारणीला जाते, त्या घराने त्या भिंतीवर लावाव्यात.

डब्यावरच्या चौकोनात लाल त्रिकोण असेल तर ते सर्वांत जहाल विष, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. दोन विषे मनाने एकत्र करू नयेत. उपाशीपोटी आणि भर उन्हात फवारू नये, वाऱ्याकडे तोंड करून तर नाहीच. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, चष्मा आणि मास्क घालावा. फवारताना खर्रा खाऊ नये, कारण त्याच हाताने विष पोटात जाते. घरी आल्यावर आधी साबणाने अंघोळ, मग लेकरांना जवळ घ्यावे. ते कपडे वेगळे धुवावेत आणि धुणाऱ्या बाईनेही हातमोजे घालावेत. रिकामा डबा पाण्याला किंवा तेलाला वापरू नये. मळमळ, अंधारी किंवा दम लागला तर कपडे उतरवून अंग धुवावे, १०८ ला फोन करावा आणि विषाचा डबा सोबत न्यावा. कोणते विष आहे हे डॉक्टरांना त्यावरून कळते.

गोळ्यांच्या पैशांत हातमोजे आणि चष्मा येतात, हेही सांगितले. मजुराला ही साधने शेतमालकाने द्यायला हवीत. मागायला लाजू नये.

निघताना खालांना आणखी एक गोष्ट सांगितली. तंतुकणिकांना स्वतःची वेगळी जनुके असतात, फक्त ३७, आणि ती मुलाला आईकडूनच मिळतात. मुलाच्या अंगात फिरणारी प्रत्येक चक्की खालांच्या घरची आहे. खाला क्षणभर गप्प राहिल्या. मग डबी पदराखाली घेत म्हणाल्या, “शाम को उसको भेजती, ये सब उसीको बोलो.”

संध्याकाळी तो आला. तोंडात खर्रा होता. आधी तो थुंकून यायला सांगितले, मग बोलायला बसलो.