थेंबांपासून सुटका, पण कोणाची?

काचबिंदूने हिरावून नेलेली दृष्टी परत आणता येत नाही. उरलेली तेवढी राखता येते. ती राखण्याचे प्रमुख साधन म्हणजे रोज न चुकता डोळ्यांत घालायचे थेंब. मात्र, या उपचाराची खरी कसोटी औषधापेक्षा नित्यनेमात आहे. काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात प्रारंभी वेदना नसते, समोरचेही स्पष्ट दिसते. नजरेचा परीघ तेवढा हळूहळू आकसत जातो. थेंब चुकवल्याचा परिणाम लगेच जाणवत नाही आणि जाणवतो तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

डोळ्यातच औषध साठवण्याचा विचार याच अडचणीतून पुढे आला. १९७४ मध्ये अमेरिकेत 'ऑक्युसर्ट' ही पिलोकार्पिनची चकती आली. पापणीखाली बसवलेली ही चकती आठवडाभर औषध सोडत असे. पण ती खुपे, निसटे आणि बाजारात रुजली नाही. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'ड्युरिस्टा'ला मान्यता दिली. बिमॅटोप्रोस्टची ही विरघळणारी सूक्ष्म कांडी सुईने डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडली जाते. डिसेंबर २०२३ मध्ये ट्रॅव्होप्रोस्ट हळूहळू सोडणाऱ्या, टायटॅनियमच्या 'आयडोस टीआर'लाही मान्यता मिळाली.

तथापि, या यशाला मर्यादा आहेत. 'ड्युरिस्टा' पुन्हा पुन्हा दिल्यास पारपटलाच्या आतील पेशी घटत असल्याचे चाचण्यांत दिसले. त्यामुळे एका डोळ्यात ती एकदाच देण्याची अट घालण्यात आली. 'आयडोस'चा परिणाम पहिले तीन महिने टिमोलॉलच्या थेंबांच्या तोडीचा ठरला; पुढील नऊ महिन्यांत मात्र ही बरोबरी सिद्ध झाली नाही. शिवाय, बाजारात येताना एका 'आयडोस'ची किंमत १३,९५० डॉलर होती. विकार मात्र जन्मभराचा आहे.

थेंबांना दुसराही पर्याय आहे. ब्रिटनमधील 'लाइट' चाचणीत लेसर उपचाराने प्रारंभ केलेल्या सुमारे ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांविना आटोक्यात होता. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये तेथील 'नाइस' या संस्थेने बहुतेक नव्या रुग्णांसाठी प्रथम लेसरचीच शिफारस केली. नव्या कांडीची तुलना म्हणूनच केवळ थेंबांशी करून भागणार नाही.

भारतात काचबिंदूचे रुग्ण एक कोटीहून अधिक असल्याचा अंदाज असून त्यांतील बहुसंख्यांना आपल्या विकाराची कल्पनाही नाही. ज्याचे निदानच झालेले नाही, त्याला थेंब, लेसर आणि कांडी सारखेच दुर्लभ. हात थरथरणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या किंवा थेंबांची ॲलर्जी असलेल्या रुग्णाला हे तंत्र निश्चितच दिलासा देईल. पण थेंब थांबले तरी तपासणी थांबवून चालणार नाही. कांडीतील औषध संपल्यावर दाब पुन्हा चढतो आणि तेव्हाही डोळा दुखेलच असे नाही. चाळिशीनंतरची नियमित तपासणी, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू असल्यास, हाच आजही या लढ्यातील पहिला उपाय आहे.