पडद्यावरची कचेरी आणि मावळचा श्रमिक

श्रमिकाच्या हातातील हत्यारावर मालकी कोणाची, हा प्रश्न समाजवादी विचाराइतकाच जुना आहे. कापड गिरण्यांत तो उभा राहिला, छापखान्यांत उभा राहिला, बँकांमध्ये हिशेबाची यंत्रे आली तेव्हाही उभा राहिला. आज तोच प्रश्न मावळ तालुक्यात, तळेगाव, वडगाव आणि कामशेतच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत, कोणताही गाजावाजा न होता उभा आहे. हिंजवडीच्या किंवा मुंबईच्या एखाद्या कंपनीत नोकरीला असलेला तरुण घरी मांडी घालून लॅपटॉपपुढे बसतो. समोर पडदा असतो, बोटांखाली कळफलक असतो. परंतु ज्या संगणकावर तो काम करीत असतो, तो संगणक त्याच्या घरात नसतो.

ही व्यवस्था नीट समजून घेणे अवश्य आहे, कारण पुढील सारे प्रश्न तिच्या रचनेतूनच निघतात. पूर्वी कर्मचाऱ्याच्या संगणकात आवश्यक ते प्रोग्रॅम बसवलेले असत आणि त्याचे कागदपत्रही तेथेच साठवलेले असत. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या पद्धतीत हे सारे कंपनीच्या किंवा कंपनीने भाड्याने घेतलेल्या दूरच्या सर्व्हरवर राहते. एका बलाढ्य यंत्राचे शेकडो आभासी संगणक केले जातात आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला त्यातील एक नेमून दिला जातो. काही ठिकाणी संपूर्ण संगणकाऐवजी एकेक प्रोग्रॅमच असा दुरून पुरवला जातो. कर्मचाऱ्याने दाबलेली प्रत्येक कळ तारेवरून तिकडे जाते, काम तिकडे होते आणि इकडे येते ते केवळ पडद्याचे चित्र. लॅपटॉप हरवला, फुटला, चोरीला गेला, तरी कंपनीचा एकही कागद हरवत नाही. फिरतीवर असणाऱ्या नोकरवर्गासाठी ही सोय मोठीच आहे. आणि म्हणूनच तिचा प्रसार इतक्या वेगाने झाला.

तत्त्वतः ही कल्पना नवी नाही. १९६०च्या दशकात एक मोठा संगणक आणि त्याला जोडलेली अनेक टर्मिनले हीच पद्धत रूढ होती. १९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला आणि त्यानंतरच्या दशकात संगणक केंद्रातून निघून माणसाच्या मेजावर आला. एका अर्थाने हे सत्तेचे विकेंद्रीकरणच होते. तथापि १९८९ साली स्थापन झालेली सिट्रिक्स आणि १९९८ साली स्थापन झालेली व्हीएमवेअर यांसारख्या अमेरिकन कंपन्यांनी त्याच्या उलट दिशेचा मार्ग सिद्ध केला. २०२१ साली मायक्रोसॉफ्टने विंडोज ३६५ या नावाने आख्खा संगणकच मासिक भाड्याने देण्यास प्रारंभ केला. मेजावर आलेले हत्यार पुन्हा केंद्राकडे गेले. मेजावर उरली ती खिडकी.

मावळला ही रचना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १९११ साली लोणावळ्याजवळ वळवण धरणाची कोनशिला बसली. १९१५ साली घाटाखाली खोपोलीला वीज निर्माण होऊ लागली आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. पाणी मावळचे, बुडालेली जमीन मावळची, प्रकाश मात्र मुंबईत पडला. आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले तेही याच क्रमाने. शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला, तो याच अन्यायाविरुद्ध. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध बऊरजवळ शेतकरी महामार्गावर आले. गोळीबारात तिघांचे प्राण गेले. साधन येथले आणि नियंत्रण अन्यत्र, हा या शतकभराचा सारांश आहे. पडद्यावरच्या कचेरीत वीज, जागा, जोडणी आणि श्रम मावळचे, तर यंत्र, नोंदी आणि निर्णय अन्यत्र, अशी मांडणी होते. जमीन बुडत नाही, म्हणून हा बदल डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि पुणे-लोणावळा लोकल थांबली. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांनी काही आठवड्यांत कचेऱ्या घराघरांत नेल्या. केंद्राच्या दूरसंचार विभागाने ५ नोव्हेंबर २०२० रोजी नियम शिथिल करून घरून काम करण्यावरील जुनी बंधने, अनामत रकमांसह, काढून टाकली. त्याच वर्षी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने २०२५ पर्यंत केवळ २५ टक्के कर्मचाऱ्यांनाच कचेरीत यावे लागेल, असे धोरण जाहीर केले. अनेकांना हे नव्या युगाचे वचन वाटले. परंतु ऑक्टोबर २०२३ मध्ये याच कंपनीने कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत परत बोलावले. यात कोणते धोरण योग्य होते हा मुद्दा गौण आहे. कचेरी घरी नेण्याचा आणि घरातून काढून घेण्याचा, हे दोन्ही निर्णय एकाच बाजूने घेतले, ही बाब महत्त्वाची आहे. ज्यांनी गावी राहून काम करता येईल या भरवशावर शहरातील भाड्याची जागा सोडली, त्यांना विचारण्याची कोणालाही आवश्यकता भासली नाही. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० रोजी सेवाक्षेत्रासाठी आदर्श स्थायी आदेशांचा मसुदा काढला, त्यातही घरून काम ही मालकाने द्यावयाची मुभा म्हणूनच आली. श्रमिकाचा हक्क म्हणून नव्हे.

शिवाय एकाच मावळात या व्यवस्थेची दोन रूपे दिसतात. लोणावळ्याच्या बंगल्यात वरिष्ठ अधिकारी महिनाभर मुक्कामाला येतो, धुक्याकडे पाहत काम करतो आणि त्याला कामासह सहल असे गोंडस नाव मिळते. तेथे जनित्र असते आणि एक जोडणी तुटली तर दुसरी असते. तेथून काही कोसांवर आंदर मावळात किंवा नाणे मावळात शेतकऱ्याची पदवीधर मुलगी तेच काम करू पाहते, तेव्हा पावसाळ्यात वीज जाते आणि मोबाईलची रेंज डोंगराआड हरवते. जुन्या संगणकावर जोडणी तुटली तरी हातातले काम चालू ठेवता येत असे. येथे जोडणी तुटताच खिडकी मिटते आणि हातात काहीही उरत नाही. नोंदीत मात्र वीज गेल्याचे येत नाही. कर्मचारी अनुपस्थित असल्याचे येते. पावसाचा आणि डोंगराचा दंड तिच्या पगारातून किंवा रजेतून वसूल होतो. विजेचे बिल, जोडणीचे भाडे, खुर्ची-टेबलाचा खर्च आणि घरातील एक कोपरा हेही तिचेच. कंपनीने जागेचे भाडे वाचवले, ते येथे चुकते झाले.

खर्चाहूनही गंभीर बाब पाळतीची आहे. काम दुसऱ्याच्या यंत्रावर होत असल्याने त्याची प्रत्येक खूण त्या यंत्रावर उमटते. कर्मचारी केव्हा आला, किती वेळ कळ दाबली नाही, कोणता कागद उघडला, हे सारे नोंदवता येते. इतकेच नव्हे तर पडद्याचे चित्रमुद्रण करण्याची सोयही अशा प्रणालींत असते. कारखान्यातील मुकादमाची नजर निदान दरवाजापाशी थांबत असे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदा केला. परंतु त्याच्या ७व्या कलमात नोकरीविषयक कारणांसाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याच्या संमतीवाचून त्याची माहिती वापरण्याची सवलत मालकाला दिली आहे. ज्या कायद्याकडे संरक्षणासाठी पाहावे, त्यानेच दार किलकिले करून ठेवले आहे.

आणि दरवाजाचाच विषय निघाला, तर तळेगावचे उदाहरण स्मरणीय आहे. डिसेंबर २०२० मध्ये तेथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात मोटारींचे उत्पादन थांबले. कामगारांनी न्यायालयात आणि रस्त्यावर दीर्घ लढा दिला. त्याचे फळ किती मिळाले हा वेगळा विषय. परंतु लढायला त्यांच्यापाशी एक फाटक होते, त्या फाटकावर एकमेकांचे चेहरे दिसत होते आणि कारखान्यातील यंत्रे कोठे जातात यावर लक्ष ठेवता येत होते. पडद्यावरच्या कचेरीला फाटक नाही. दूरच्या कोणीतरी एक खूण काढून टाकली की कर्मचाऱ्याचे प्रवेशपद बंद होते आणि सकाळी उठून त्याला ‘प्रवेश नाकारला’ एवढेच वाचायला मिळते. शेजारच्या गल्लीत त्याच कंपनीचा दुसरा माणूस राहतो, हेही त्याला ठाऊक नसते. एकमेकांपासून विखुरलेला श्रमिक हाच सर्वांत स्वस्त श्रमिक असतो.

असे असले तरी या तंत्राचा सरसकट धिक्कार करणे अन्यायाचे होईल. तान्हे मूल असलेली स्त्री, कुबड्यांशिवाय चालता न येणारा युवक, वृद्ध आईवडिलांना आणि इंद्रायणीच्या भातखाचरांना सोडून शहरात जाऊ न इच्छिणारा मुलगा, या सर्वांना त्याने खरोखरच एक वाट दिली आहे. जुना, दुबळा संगणकही यात उपयोगी पडतो. लोकलमध्ये आणि हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत जाणारे रोजचे तास वाचतात. गावातील शिकलेले तरुण गावात राहिले, तर गावाचे सार्वजनिक जीवनही सावरते.

म्हणूनच येथे एक जुना धडा उपयोगी आहे. आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याला १९६०च्या दशकात तीव्र विरोध झाला. १९६९ साली केंद्र सरकारने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनावर समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला. पुढे यंत्र आलेच. परंतु बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी १९८३ आणि १९८७ साली इंडियन बँक्स असोसिएशनशी करार करून, कोणती यंत्रे, कोणत्या कामासाठी, किती मर्यादेत आणि ती चालवणाऱ्याला कोणता भत्ता, हे लिहून घेतले. यंत्र थांबले नाही, पण त्याच्या येण्याच्या अटी एकतर्फी राहिल्या नाहीत. माहिती तंत्रज्ञानातील श्रमिक असंघटित आहे आणि स्वतःला श्रमिक म्हणवून घेण्यास संकोचतो, म्हणून असा करार त्याच्या वाट्याला आलेला नाही.

त्या कराराची कलमे सांगणे अवघड नाही. कोणत्या नोंदी ठेवल्या जातात, त्या कोण पाहतो आणि किती काळ ठेवतो, हे कर्मचाऱ्याला त्याच्या भाषेत लेखी मिळाले पाहिजे. वीज आणि जोडणी यांचा खर्च मालकाने सोसला पाहिजे. पोर्तुगालने २०२१ साली तसा कायदा केला आहे. वीज किंवा जोडणी गेल्याचा काळ अनुपस्थिती म्हणून मोजता कामा नये. चौकशी आणि पूर्वसूचना यांवाचून प्रवेशपद बंद करणे ही बेकायदा कामबंदी मानली पाहिजे. कामाचे तास संपल्यावर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. लोकसभेत सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली तशा आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. उलट महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये खासगी आस्थापनांतील कामाचे दैनिक तास ९ वरून १० करण्यास मान्यता दिली. ज्याचे घर हीच कचेरी, त्याच्या बाबतीत दहावा तास कोठे संपतो हे कोण मोजणार?

याखेरीज एक कार्य सार्वजनिक संस्थांचे आहे. आज खुद्द कंपन्याही या तंत्राच्या बाबतीत भाडेकरूच आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून सर्वांना मुदतीच्या वर्गणीवर आणले. मालकाचा मालक दर वाढवतो, तेव्हा तो भार अखेरीस श्रमिकावरच उतरतो. यावरचा पर्याय कल्पनेतला नाही. केरळने आपल्या शाळांतील संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालवले आणि २०२३ साली स्वतःचे सार्वजनिक इंटरनेट जाळे सुरू केले. मावळातील ग्रामपंचायती, वाचनालये आणि सहकारी संस्था यांना अखंड वीज व भरवशाची जोडणी असलेली सामायिक कामाची जागा उभारता येईल. तेथे घरचा कोपरा सुटेल आणि विखुरलेल्या श्रमिकांना एकमेकांचे चेहरेही पुन्हा दिसतील.

ज्या तळेगावात हे घडावयाचे, तेथे १९०८ साली एक काचकारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाच्या कल्पनेतून, सामान्य माणसांकडून एकेक पैसा गोळा करून तो उभा राहिला होता. उत्पादनाचे साधन धनिकाच्या मर्जीवाचूनही उभे राहू शकते, ही गोष्ट मावळने शतकापूर्वी करून दाखवली आहे. वळवणची वाट आणि पैसा फंडाची वाट अशा दोन्ही वाटा याच तालुक्यातून गेल्या. पडद्यावरची कचेरी यांपैकी कोणत्या वाटेने जाणार, हे तंत्रज्ञ ठरवणार नाहीत; ते श्रमिकांच्या संघटित शक्तीवर अवलंबून आहे.