पाचशेची ट्यूब

"दादा, पोरगी काळी पडणार नाही असं काहीतरी द्या." चंद्रपुरातल्या एका औषधाच्या दुकानात माझ्यापुढे उभी असलेली बाई सांगत होती. पोरगी सातेक वर्षांची, डोकं उघडं. दुकानदारानं सनस्क्रीनची पाचशेची ट्यूब काढली. तेवढ्यात टोपी, दुपट्टा, पाण्याची बाटली येऊन वर दोन ग्लास उसाचा रस झाला असता. मी गप्प राहिलो. माझी हिंमत लेखातच चालते.

आता हिशेब मांडा. कातडीच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावलं तरच ट्यूबवरचा एसपीएफ खरा. शाळकरी पोराचे उघडे हातपाय, मान, तोंड धरलं तर एका वेळी सात-आठ ग्रॅम, दोन तासांनी पुन्हा तेवढंच. ५० ग्रॅमची ट्यूब तीन दिवसांत चाटूनपुसून साफ! आपण लावतो वाटाण्याएवढं, तेही गालाला. शिवाय क्रीम अडवतं अतिनील किरण. उष्णता नाही. लू लागते तेव्हा ती चेहऱ्याचा रंग बघत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये चंद्रपूरचा पारा ४५ च्या पुढे गेला. त्याच महिन्यात राज्यभर एकच वेळापत्रक काढून पहिली ते नववीच्या परीक्षा २५ तारखेपर्यंत ताणल्या. सकाळची शाळा केली म्हणे! अकरा-साडेअकराला सुटलेलं पोर घरी कोणत्या उन्हातून जातं, हे वेळापत्रक आखणाऱ्यांनी एकदा अनवाणी चालून पाहावं. शाळेच्या पत्र्यालाही जरा हात लावावा.

तिकडे गडचिरोलीत मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे अंधारातच घरं रिकामी होतात, मायबापामागं पोरंही जंगलात. ऊन चढायच्या आत परत, मग सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे. डोक्याला दुपट्टा, पोटात आंबील. उन्हाशी कसं वागावं हे या लोकांना कुणी शिकवायला नको. पण फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पत्ता मोजून द्यायची रांग उन्हातच! तिथं मी एक पोरगा पाहिला. डोक्यावरचं पुड्यांचं गाठोडं, तेवढीच त्याची सावली.

क्रीमची खरी गरज जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या पोरांना. त्यांना ते सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायला हवं. पण जाहिरातीत त्यांचा चेहरा कोण दाखवणार?

बारा वाजून गेले होते. बाईनं ट्यूब पिशवीत जपून ठेवली आणि मायलेकी बसस्टँडकडे निघाल्या. पोरीचं डोकं उघडंच.