गार पाण्याचा मासा आणि आपला उन्हाळा

मासे पाळणे ही आवड चांगली आहे. त्यातून निरीक्षण वाढते. पण काचपेटी आणण्याआधी त्या माशाचे मूळ गाव कोणते, हे विचारावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरण म्हणून व्हाइट क्लाउड मासा घेऊ. हा जेमतेम ४ सेंटीमीटर. अंगावर चमकती रेघ, शेपटी तांबडी. चीनमध्ये ग्वांगचौ शहराजवळ 'पांढऱ्या ढगांचा डोंगर' आहे. तिथे टॅन नावाच्या स्काउट मास्तरांना तो सापडला. १९३२ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले. त्या नावात टॅन आहेत आणि पांढरा ढगही आहे!

डोंगरातल्या ओढ्याचे पाणी गार. या माशाला साधारण १८ ते २२ अंश मानवते. आपल्याकडे वैशाखात पारा ४० वर जातो. पत्र्याच्या घरात तर विचारूच नका. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. मग मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. आपण म्हणतो, "बघा, कशी गंमत करतोय!" अहो, ती गंमत नाही, त्याला श्वास पुरत नाही.

काही जण म्हणतील, बर्फ टाकू. पण पाणी एकदम गार झाले तरी माशाला त्रासच. पेटी सावलीत ठेवावी, भोवती ओले गोणपाट लावावे, खाणे चिमूटभरच घालावे. एवढे करूनही आपल्या उन्हाळ्यात पाणी हवे तितके गार राहत नाही. म्हणून हा मासा महाबळेश्वरसारख्या थंड गावी ठीक, आपल्याकडे नको.

१९८० च्या सुमारास तो त्याच्या डोंगरातून नाहीसाच झाला असे समजत. पुढे चीनमध्येच थोड्या ठिकाणी पुन्हा सापडला. दुकानातले मासे पैदास केलेले असतात हे खरे, पण जीव तो जीवच.

हौस असेल तर गप्पी मासा पाळा. तो जास्त ऊब सोसतो. आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खायला तोच सोडतात. मात्र नकोसा झालेला कुठलाही मासा ओढ्यात टाकू नका. ओढ्यातल्या माशांना त्याचा उपद्रव होतो.

पालकांनाही विनंती आहे. मुलाने हट्ट धरला तर पिशवीतला मासा लगेच घेऊ नका. याला किती गार पाणी लागते, हे दुकानदाराला आधी विचारा.

— इयत्ता सातवी