डोक्यातली वीज आणि पायातली चप्पल

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आमच्या तालुक्याच्या गावी मारुतीच्या देवळामागं जो हॉल आहे, तिथं बचत गटाच्या पंचवीस-तीस जणी जमलो होतो. वाण देऊन झालं, तिळगूळ वाटणं चाललं होतं, आणि मागच्या रांगेत बसलेली एक नवी सून एकदम बाजूला कलली. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली, हातपाय झटके द्यायला लागले. एकच गलका. कुणी म्हणालं कांदा फोडा, कुणी म्हणालं किल्ल्यांचा जुडगा मुठीत द्या. एकीनं तर तोंडात चमचा घालायला घेतला. आणि मी? बी.ए. झालेली, गावोगाव आरोग्यावर चार शब्द बोलत फिरणारी मी दाराशी धावले, माझीच चप्पल उचलली आणि तिच्या नाकाशी धरली.

दीड-दोन मिनिटांत पोरगी शांत झाली. "बघा, चपलेनंच उतरलं," एक आजी म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं कशाला सांगू, मलाही त्या वेळी बरंच वाटलं.

ही मुलगी माझ्या ओळखीची होती. तिच्या लग्नात माझाही थोडा हात होता. पण ते पुढं सांगते.

आठवड्यानं मी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमकडे गेले. वयानं माझ्या मुलीएवढ्या. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काकू, समजा तुम्ही चप्पल धरली नसती, तर किती वेळात थांबली असती?" मी गप्प. त्याच म्हणाल्या, "तेवढ्याच. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळतं. चप्पल असली तर चपलेला, अंगारा असला तर अंगाऱ्याला."

माझ्या चाळीस वर्षांच्या समजुतीची अशी अर्ध्या मिनिटात वाट लागली. मग मात्र मी बसले आणि नीट विचारून घेतलं, घरी येऊन वाचलंही. जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं.

आपला मेंदू साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. म्हणजे दीड किलोच्या आतला ऐवज, पण शरीर जेवढी शक्ती वापरतं तिचा जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटा खातो. त्यात सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत आणि त्या एकमेकींशी बोलतात त्या विजेच्या अगदी बारीक प्रवाहानं आणि रसायनांनी. तुम्ही आत्ता हे पान उलटाल तेव्हा तो हुकूम मेंदूतून निघेल, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली येईल, तिथून हाताच्या नसांत जाईल. उजव्या हाताला हुकूम डावा मेंदू देतो आणि डाव्या हाताला उजवा, कारण वाटेत या तारा एकमेकींना ओलांडून जातात. तोल सांभाळायला मागचा लहान मेंदू. श्वास तर झोपेतसुद्धा चालू राहतो, तो मेंदूच्या देठाच्या भरवशावर. एवढं सगळं आपल्याला न सांगता, न विचारता चाललेलं असतं. (घरात कोण असं राबतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.)

आता आपल्या गल्लीतली डीपी आठवा. सगळ्यांच्या घरी बेतानं वीज जाते तोवर दिवा दिवा राहतो आणि मिक्सर मिक्सर. पण एखाद्या दिवशी दाब एकदम वाढला की सगळे बल्ब भकाभका पेटतात आणि मग अंधार. फिट येणं म्हणजे थोडंफार हेच. मेंदूतल्या ज्या पेशींनी आपापल्या वेळी बोलायचं, त्या सगळ्या एकदम ओरडायला लागतात. हाताला, पायाला, जबड्याला एकाच वेळी हुकूम सुटतात. शरीर बिचारं हुकमाचा ताबेदार, ते झटके देतं.

हे पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नव्हतं असं नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यानं लिहून ठेवलंय की हा देवाचा कोप नाही, मेंदूचा आजार आहे. आपल्याकडे चरकसंहितेत 'अपस्मार' म्हणून त्याचं निदान आणि उपचार स्वतंत्रपणे दिलेत. म्हणजे वैद्यांनी केव्हाच त्याला रोग म्हटलं होतं, देवऋषाकडे आपणच नेत राहिलो.

मला सगळ्यात नवल वाटलं ते कॅनडातल्या वाइल्डर पेनफील्ड या सर्जनच्या कामाचं. फिट येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूवर ते शस्त्रक्रिया करत, आणि तीही रुग्ण जागा असताना! कवटीवरची कातडी बधिर केली की झालं, कारण खुद्द मेंदूला वेदना कळतच नाहीत. सगळ्या अंगाचं दुखणं ज्याला कळतं त्याला स्वतःचं दुखणं कळत नाही. मेंदूवर एका ठिकाणी विजेची बारीक तार टेकवली की रुग्णाचा अंगठा हलायचा, जरा सरकवली की ओठाला मुंग्या. असं करत त्यांनी मेंदूवर शरीराचा नकाशाच काढला. १९३७ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात पाठ, पोट, मांड्या यांना अगदी थोडी जागा आणि हात, ओठ, जीभ यांना केवढी तरी! भाकरी थापणारी, सुईत दोरा ओवणारी, लेकराच्या कपाळावर ताप बघणारी आपली बोटं मेंदूत एवढी जागा अडवून बसलीत. या पेनफील्डच्या सख्ख्या बहिणीलाही फिट येत. मेंदूत गाठ होती. १९२८ मध्ये त्यांनी स्वतःच तिच्यावर शस्त्रक्रिया केली. काही वर्षांनी ती गेली.

या नकाशामुळं एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती आपल्या बायकांच्या फार कामाची आहे. वीज मेंदूत जिथं उसळते तसं शरीर वागतं. म्हणून प्रत्येक फिट हातपाय झाडणारीच असते असं नाही. एखादं मूल वर्गात दहा-पंधरा सेकंद नुसतं शून्यात बघतं, हाक ऐकू येत नाही, मग पुन्हा लिहायला लागतं. बाई म्हणतात, लक्ष नसतं. एखादीला अचानक कसला तरी वास येतो, पोटातून भीती वर चढते, ती ओठ चाटत राहते, पदराशी चाळा करते, विचारलं तर भलतंच बोलते. नंतर तिला काही आठवत नाही. हीसुद्धा फिटच असू शकते. आणि हिला आपण काय म्हणतो? बाहेरचं आहे, अंगात आलंय. किती जणींनी नुसत्या या समजुतीपायी धूर आणि छड्या खाल्ल्या असतील, देव जाणे.

आता त्या मुलीचं सांगते.

नववीत असताना तिला पहिल्यांदा फिट आली. आई माझ्या शेजारची. मीच त्यांच्याबरोबर जिल्ह्याच्या ठिकाणी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले होते. ईईजी काढला, डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात तो. रोजची एक गोळी सुरू झाली आणि वर्षानुवर्षं फिट आली नाही. मुलगी बारावी झाली, शिवणकाम शिकली. मग स्थळ आलं. चांगलं घर, थोडी शेती, मुलगा नोकरीला. त्यांच्याकडची एक बाई चौकशीला माझ्याकडे आली. "मुलीला काही आजारबिजार नाही ना?" मी म्हणाले, "पोर फार गुणी आहे हो."

खोटं बोलले नाही. दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं.

लग्न झालं. सासरी गोळ्यांची डबी कुठं लपवायची, म्हणून आईनं गोळीच बंद करून टाकली. "इतकी वर्षं काही झालं नाही, आता कशाला?" म्हणाल्या. फिट येत नव्हती ती गोळीमुळं, आणि गोळी अशी एकदम तोडली की आजार दामदुप्पट परत येऊ शकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मला तरी कुठं माहीत होतं? हळदीकुंकवाच्या आधी महिनाभर ती सासरी गॅसपाशी पडली होती. तव्यावर हात पडून मनगटापर्यंत भाजला. घरच्यांना सांगितलं, चक्कर आली.

त्या आईला मी नावं ठेवणार नाही. सांगितलं तर स्थळ मोडतं, हे आपण सगळ्याच बघतो. पण मुलाला फिट येत असली तर काय म्हणतात? "लग्न लावून द्या, आपोआप बरा होईल." एकच आजार, मुलाला लग्न हे औषध आणि मुलीला तोच आजार म्हणजे लग्नाला अडसर! कायद्याचीही गंमत बघा. वारंवार फिट येत असेल तर ती व्यक्ती विवाहाला पात्र नाही, असं १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात घातलं गेलं. १९९९ साली तो शब्द काढून टाकला. कायद्याच्या पुस्तकातून जाऊन इतकी वर्षं झाली, आपल्या बैठकीतून अजून गेला नाही.

माझं मत विचाराल तर लग्न ठरवताना सांगावं, आणि गोळीसकट सांगावं. "हा आजार आहे, ही गोळी आहे, इतकी वर्षं फिट नाही." दोन स्थळं मोडतील. मोडू देत. लपवून जमवलेलं स्थळ पुढं माहेरी किंवा कोर्टात येतं, आणि मधल्या काळात भाजतो तो मुलीचाच हात. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी हा आजार स्वतः सोसून 'संवेदना' हा स्वमदत गट उभा केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणं जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि नीट निदान व औषध मिळालं तर त्यातले ७० टक्के लोक फिटशिवाय जगू शकतात. १९९२ च्या विश्वचषकात उडी मारून स्टंप उडवणारा जॉन्टी ऱ्होड्स आठवतो का? त्यालाही हा आजार आहे.

"मूल होईल का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. केरळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अशा गरोदर बायकांची नोंद ठेवतात. बहुतेकींना निरोगी बाळं होतात. फक्त काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट, बाळाला बाधू शकतात. म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलायचं, गोळी बदलायची तर त्यांनी बदलायची, आणि फॉलिक ॲसिड सुरू करायचं. आपल्या मनानं गोळी बंद करणं हे सगळ्यात वाईट.

उपासाचंही बोलून टाकते. "गोळी उपासाला चालते का?" हे मला दहा जणींनी तरी विचारलंय. चालते हो! हरतालिकेला पाणीसुद्धा न पिता रात्रभर जागायचं आणि गोळी चुकवायची, म्हणजे आजाराला अक्षत देऊन बोलावणं. अपुरी झोप आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची नेहमीची कारणं आहेत. काहींना पाळीच्या आसपास जास्त त्रास होतो. तो लिहून ठेवून डॉक्टरांना दाखवावा.

आणि ती कोबीतली अळी! अळी डोक्यात जाते म्हणून किती घरांत कोबी बंद आहे. हिरवी अळी कुठंही जात नाही. डोक्यात गाठ होते ती डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात वाढणाऱ्या पट्टकृमीच्या अंड्यांमुळं. ज्याच्या पोटात तो जंत, त्याच्या शौचातून ती अंडी माती-पाण्यात आणि तिथून न धुतलेल्या कच्च्या भाजीवर किंवा हातावर येतात. म्हणून शुद्ध शाकाहाऱ्यालाही हे होऊ शकतं, आणि आपल्या देशात फिट येण्यामागं हे मोठं कारण आहे. तेव्हा कोबी खा, पण काकडी, गाजर, कोथिंबीरही तितकीच धुवा.

समोर कुणाला फिट आली तर आजूबाजूची गर्दी हटवा, डोक्याखाली पदराची घडी ठेवा, एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर जाईल. झटके दाबून धरू नका, तोंडात चमचा, बोट, पाणी काही नको. घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन लावा. एकीनं मोबाइलवर चित्रण केलं तर तेही चालेल, फक्त डॉक्टरांना दाखवायला. व्हॉट्सॲपवर फिरवायला नव्हे.

डॉक्टर मॅडमनी मुलीची गोळी पुन्हा सुरू करून दिली. सासरी सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिच्या सासूबाईंना मी घरी बोलावलं, सगळं सांगितलं. त्यांनी आजाराचं एक अक्षर विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "लग्नाआधी तुम्हाला माहीत होतं ना, ताई?"

मी हो म्हणाले. चहा तसाच ठेवून त्या निघून गेल्या.

गटाच्या पुढच्या बैठकीला दोघी आल्या. सासूबाई माझ्याशी अजून बोलत नाहीत. रात्री आठ वाजता कर्जाच्या हप्त्यांवरून वादावादी चालली होती, तेव्हा त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि सुनेपुढं धरली.