पुढची लँग्वेज कोणती, बॉस?

अप्रेझलची लेटरं वाटून झाली की आमच्या न्हावा शेव्याच्या ऑफिसात दरवर्षी एक साथ येते. झाडून सगळ्या वेब डेव्हलपर मंडळींना नवी लँग्वेज शिकायची असते! जावास्क्रिप्ट येतं, पीएचपी येतं, गेटपास आणि बिलांच्या स्क्रीन बनवून बोटं झिजली... आता पुढे काय? पायथन, जावा, गो की रस्ट? कँटीनमध्ये यावरून जेवढी भांडणं होतात, तेवढी आयपीएलवरूनही होत नाहीत.

यंदा आमच्या उरणच्या ज्युनिअरनं मलाच पकडलं. "दादा, रात्रीचा दीड तास काढू शकतो. सहा महिने. एकच काय ते सांग."

हा दीड तास स्वस्त नाही हं. ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढत घरी पोचल्यावर माणसात किती जीव उरतो, ते इथे नोकरी करणाऱ्यांनाच विचारा. मी म्हटलं, एसक्यूएल. पठ्ठ्याचा चेहराच पडला. ते तर कॉलेजातच झालं की!

झालं म्हणजे काय, तर 'सिलेक्ट स्टार' जमतं. बघा, आपलं बंदर सुरू झालं १९८९ साली. तेव्हा पायथन आलेलं नव्हतं, ते आलं १९९१ मध्ये. पीएचपी, जावा आणि जावास्क्रिप्ट ही तिन्ही १९९५ ची पोरं. एसक्यूएल मात्र १९७४ च्या सुमारास आयबीएममध्ये जन्मलं होतं, म्हणजे बंदर सुरू झालं तेव्हाच ते मिसरूड फुटायच्या वयाचं! मधल्या काळात फ्लॅशच्या जोरावर पॅकेज वाढवून घेणारे मी पाहिलेत. २०२० च्या अखेरीस अडोबीनं फ्लॅशचं दुकानच बंद केलं. स्क्रीन बदलतात हो, मागचं टेबल तिथंच असतं.

"पण क्वेरी तर एआय लिहून देतो ना!" हे पुढचं वाक्य. खरी गोम इथेच आहे.

एका एलसीएल कंटेनरमध्ये अनेकांचा माल असतो. समजा सहा पार्ट्या, तर सहा हाउस बिलं. कंटेनरचं टेबल बिलांच्या टेबलाला जोडलं की तोच डबा सहा ओळींत दिसतो. वर टीईयूची बेरीज मारली की एका वीसफुटीचे झाले सहा! क्वेरी बिनबोभाट चालते. एरर नाही, वॉर्निंग नाही, स्क्रीन चकाचक. घाबरून बेरजेत 'डिस्टिंक्ट' घातलं तर उलटी गंमत, यार्डातले सगळे वीसफुटी मिळून एकच टीईयू. गेल्या महिन्यात आमच्या या हीरोनं एआयकडून करून घेतलेल्या रिपोर्टमध्ये पहिला प्रकार झाला होता. पकडला कुणी? यार्डातल्या काकांनी, ज्यांना कोडिंगचं ओ की ठो कळत नाही. "अरे बाळा, एवढे डबे आपल्या यार्डात मावतात तरी का?" तोच आकडा ग्राउंड रेंटच्या बिलापर्यंत गेला असता तर पार्ट्यांचे फोन कुणी घेतले असते, सांगा बरं!

म्हणून सहा महिन्यांतले पहिले दोन एसक्यूएलला. जॉइन, ग्रुप बाय, विंडो फंक्शन, इंडेक्स, सगळं हातानं लिहून. एआयला खुशाल विचारा, पण उत्तर तपासता आलं पाहिजे.

मग दुसरी लँग्वेज? तिचं फार टेन्शन घेऊ नका. कंटेनरच्या दारावरचा नंबर कधी नीट पाहिलाय? चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा. तो शेवटचा आधीच्या दहांवरून काढतात. अक्षरांना ठरलेल्या किमती द्यायच्या, मग एक, दोन, चार, आठ असं दुपटीनं गुणत जायचं, बेरजेला अकरानं भागायचं. उरली ती बाकी म्हणजे तो आकडा. बाकी दहा आली तर शून्य. नंबर टाइप करताना कुणाचं बोट घसरलं तर बहुतेक वेळा जागीच कळतं. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की पीएचपीत लिहा नाहीतर पायथनमध्ये, दहा-बारा ओळींचा मामला आहे.

तेव्हा फॅशन बघू नका, बसायचं कुठल्या खुर्चीत ते बघा. रिपोर्ट, एक्सेलच्या फायली, आकडेमोड यात मन रमत असेल तर डोळे झाकून पायथन. बँका किंवा मोठ्या कंपन्यांच्या अवाढव्य सिस्टिमवर जायचं असेल तर जावा. कंटाळवाणी आहे, पण पगार वेळेवर होतो. स्क्रीनच आवडत असतील तर टाइपस्क्रिप्ट. मायक्रोसॉफ्टनं २०१२ मध्ये आणलेली ही लँग्वेज जावास्क्रिप्टवाल्याला निम्मी आधीच येत असते, महिन्याभरात हात बसतो.

आणि रस्ट? जरूर शिका, रविवारी, हौस म्हणून. आमच्या आसपासच्या एकाही ऑफिसात त्याचं काम अजून मला दिसलेलं नाही. दिसलं तर कँटीनमध्ये येऊन सांगा, कटिंग माझ्याकडून.