मडगार्ड काढू नका, चाकाला जागा ठेवा!

मृग निघाला, चार-दोन सरी पडल्या, की गावोगावच्या सायकल दुकानापुढे दरसालचा वाद रंगतो. एकजण म्हणतो, "मिस्त्री, मडगार्ड काढून टाका. लई चिखल भरायलाय." लगेच दुसरा, "काढू नगा हो, समदा राडा पाठीवर उडतो." मिस्त्री दोघांचेही ऐकून घेतो. त्याला काय, काढायचेही पैसे आणि दिवाळीला पुन्हा बसवायचेही पैसे!

फटफटीच्या जमान्यात सायकलच्या मडगार्डावर काय लिहायचे, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. आज खेड्यात सायकल उरली आहे कोणाकडे? रतिबाचे दूध घालणारा म्हातारा, रोजाने जाणारा गडी आणि शाळेला जाणारी पोर. यांना दुसरे वाहन नाही. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या, त्या अंतरापायी शाळा सुटू नये म्हणून. आणि शाळा उघडते ती नेमकी पावसाच्या तोंडावर. जूनपासून चार महिने सायकल ओसरीला टेकूनच राहणार असेल, तर ती दिली काय नि न दिली काय!

आता मडगार्ड काढा म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. आपल्या परभणी जिल्ह्यात जिंतूरकडची मुरमाड वाट निराळी आणि पूर्णा-पाथरीकडची काळी वाट निराळी. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. गंमत अशी, की भर पावसात ती तेवढी छळत नाही. पातळ राबडी उडून तरी जाते. खरा त्रास पाऊस उघडल्यावर, जमीन वाफशाकडे येऊ लागली की. तेव्हा माती ना पातळ ना कोरडी, अशी चिकट असते. चाकाच्या एकेका फेऱ्याला टायरवर एकेक थर चढतो, त्यात गवताची काडी नि शेणाचा पो मिसळतो, आणि मडगार्ड हा सगळा माल खरवडून आपल्या पोटात दाबून बसवते. वीस पावलांत चाक जाम. मग माणूस सायकलवर नाही, सायकल माणसाच्या खांद्यावर. हा देखावा ज्याने पाहिला नाही त्याने काळ्या रानातला पावसाळा पाहिला नाही.

पण मडगार्ड काढल्याने चाक सुटते का? चिखल पहिल्यांदा साचतो तो पुढच्या काट्याच्या फटीत, ब्रेकपाशी, आणि मागे पायडलच्या वरच्या अंगाला, जिथे फ्रेमच्या दोन नळ्यांमधून चाक जाते तिथे. या जागा मडगार्ड काढले तरी आहेत तिथेच राहतात. हल्लीच्या २६ इंची रेंजर सायकलींना ब्रेकचा चिमटा टायरच्या अगदी डोक्यावर असतो. त्यात चिखल अडकायला मडगार्ड लागतच नाही. म्हणजे वीसऐवजी चाळीस पावले जाल, एवढाच फायदा.

आणि तोटा? तो डांबरी रस्त्यावर कळतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, मुख्यमंत्री ग्रामसडक योजना २०१५ साली. पहिल्यासारखे आता गाव ते गाव चिखल राहिलेला नाही. चिखल आहे तो वस्तीपासून डांबरीपर्यंत. त्यापुढे शाळेपर्यंत ओला रस्ता. थोड्या चिखलासाठी सगळ्या वाटेचे मडगार्ड काढणे हा आमच्या मते उफराटा हिशोब आहे. ओल्या डांबरीवर मागचे चाक पाठीवर मानेपर्यंत काळी रेघ मारते. पुढचे चाक बूट भिजवते आणि वाळूमिश्रित पाणी नेमके चेनवर नि पायडलच्या बेअरिंगवर फेकते. एका पावसाळ्यात चेन करकरायला लागते, मग चेनबरोबर दातेरी चाकही जाते.

तरी चेन बदलता येते. पाठीवर चिखलाची रेघ घेऊन वर्गात बसलेल्या मुलीचे काय? गणवेश बहुधा एकच, फार तर दोन. रात्री धुतला तर पावसात सकाळपर्यंत वाळत नाही. एकदा पोरे हसली की ती दुसऱ्या दिवशी म्हणते, "माय, आज न्हाई जात." हजेरीपटावर फक्त 'गैरहजर' एवढेच लागते, कारण कोणी लिहीत नाही. शिवाय गल्लीतून जाताना उडते ते काही गंगाजल नव्हे. गटार, शेण, गोमूत्र, उंदीर-घुशींची घाण, सगळे त्यात. लेप्टोचे जंतू अशाच पाण्यातून, जनावरांच्या नि उंदरांच्या मुतातून येतात आणि जखमेतून, डोळ्या-तोंडातून शरीरात शिरतात.

तालुक्याची तरुण मुले बिनमडगार्डाची सायकल ऐटीत फिरवतात. शर्यतीच्या सायकलींना कुठे असते, म्हणतात. खरे आहे. युरोपात चिखलातून सायकल पळवण्याच्या शर्यती होतात, तिथे मडगार्ड नसते. पण त्या गड्याची सायकल चिखलाने भरली की बाजूला दुसरी, धुतलेली सायकल घेऊन माणूस उभा असतो. आमच्या पोरीसाठी बांधावर दुसरी सायकल घेऊन कोण उभे राहणार आहे?

तेव्हा मडगार्ड राहू द्या, टायर आणि मडगार्ड यांत जागा करा. जुन्या २८ इंची काळ्या सायकलला मुळातच ऐसपैस जागा असते. तिथे चेपलेले मडगार्ड ठोकून सरळ केले, काड्या लांब घातल्या की अंगठा सहज जाईल एवढी फट निघते. रेंजरला एवढी निघत नाही. तिच्या मागच्या मडगार्डाला पान्याऐवजी हाताने फिरणारे, कान असलेले नट बसवून घ्यावेत. चिखलाच्या वाटेपुरते काढता येते, डांबरीवर लावता येते. पुढचे मात्र पक्के आवळलेलेच हवे. ढिले मडगार्ड चाकात ओढले गेले तर माणूस हँडलवरून पुढे पडतो. पुढच्या मडगार्डाच्या टोकाला जुन्या ट्यूबचा तुकडा वीतभर लोंबता बांधला की बूट आणि चेन दोन्ही वाचतात. त्याला खर्च काहीच नाही. कॅरिअरला एक चपटी काडी अडकवून ठेवावी आणि डांबरीवर चढताच चिखल ओला असतानाच उकरून काढावा. वाळला की त्याची वीट होते. काळ्या वाटेवर मात्र बसून जाण्याचा हट्ट नको. उतरावे, कडेच्या गवतावरून ढकलत न्यावी.

सायकली वाटणाऱ्यांनाही एक विचारायचे आहे. खरेदी करताना रंग, टोपली, घंटी सगळे पाहिले जाते. टायर आणि मडगार्ड यांत बोट घालून कोणी पाहते का? टीचभर प्लास्टिकचे शेपूट लावलेली सायकल काळ्या रानात काय कामाची?

राहिला वस्तीपासून डांबरीपर्यंतचा तुकडा. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली, रोजगार हमीशी ती जोडलेली आहे. ज्या वाटेने मुली शाळेला येतात तिचा नंबर आधी लावा, असा ठराव ग्रामसभेत कोणीही मांडू शकतो. फक्त त्यासाठी १५ ऑगस्टची सभा धरू नका, तोवर निम्मा पावसाळा सरलेला असतो. १ मेची गाठा, आणि जाताना सोबत चार पोरींच्या आयांना घेऊन जा.